श्रवणसंवाद : कपाटातली गाणी पुन्हा ऐकताना

मागच्या अंकात या सदरातून वाचकांना एक प्रश्न विचारला होता: तुमच्या स्वतःच्या संग्रहातले, एके काळी अतिशय आवडणारे गाणे तुम्ही अलीकडे कधी ऐकले? थेट उत्तर फार थोड्यांनी दिले. बहुतेकांनी गाणे शोधायला कपाट उघडले, ऐकायला बसले आणि मग जे प्रश्न पडले ते लिहून पाठवले. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. लेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे जवळजवळ तीनशे कॅसेट आणि सीडी आहेत. शिवाय वर्गणी भरून घेतलेल्या सेवेवर हवे ते गाणे क्षणात मिळते. असे असूनही रोज संध्याकाळी मी तीच वीस-पंचवीस गाणी लावतो आणि तीही अर्धवट ऐकून पुढे सरकवतो. आपल्या सदरातील प्रश्न वाचून एके काळी जिवापाड आवडणारी एक कॅसेट दहा-बारा वर्षांनी लावली, तर ती मला अगदी सपक वाटली. माझी आवड संपली असे समजावे का?

उत्तर : एका संध्याकाळच्या अनुभवावरून असा निर्णय देऊ नका. तुमच्या पत्रात दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही निरनिराळी आहेत. ती एकत्र केल्यामुळे तुमचा जीव अधिक हिरमुसला आहे असे मला वाटते.

आधी त्या रोजच्या पंचवीस गाण्यांविषयी. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली असे दाखवून दिले, की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर येत राहिली तरी ती आपल्याला अधिक आवडू लागते. पहिल्यांदा परके वाटलेले गाणे चौथ्या-पाचव्या वेळी आपण नकळत गुणगुणू लागतो, त्यामागे हेच आहे. मात्र ही चढण अखंड नसते. डॅनियल बर्लाइन यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी मांडलेल्या विचारानुसार परिचयाबरोबर आवड वाढत जाते, एका टोकाला पोहोचते आणि त्यानंतरही तेच ते कानांवर पडत राहिले तर ओसरू लागते. साधी, सरळ चाल त्या टोकाला लवकर पोहोचते आणि लवकर उतरते. जिच्यात बरेच पदर आहेत अशी रचना हळूहळू उलगडते आणि टिकतेही जास्त. तुमची पंचवीस गाणी आता उताराला लागली आहेत. तुम्ही ती अर्ध्यावर सोडता याचा अर्थ ती वाईट आहेत असा नाही; त्यांना विश्रांती मिळालेली नाही, एवढाच आहे.

कॅसेटला मात्र दहा-बारा वर्षांची विश्रांती मिळाली होती, तरी ती सपक का वाटली? येथे मला दुसरे कारण दिसते. संगीतातील आनंदाचा मोठा भाग पुढे काय येणार याची वाट पाहण्यात असतो, हे लिओनर्ड मेयर यांनी १९५६ साली विस्ताराने मांडले. पुढे २०११ साली माँट्रियल येथील व्हॅलरी सॅलिमपूर, रॉबर्ट झाटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा त्यांना आढळले, की अंगावर शहारा आणणाऱ्या जागेवर तर डोपामिन, म्हणजे मेंदूतील सुखाशी निगडित रसायन, स्रवतेच, पण ती जागा येण्याच्या आधीच्या क्षणांतही, मेंदूच्या वेगळ्या भागात, ते स्रवते. म्हणजे ओळखीच्या गाण्यात ‘आता ती जागा येईल’ हे ठाऊक असणे ही उणीव नसून तोच त्या सुखाचा अर्धा वाटा आहे. पण ती जागा येईपर्यंत थांबावे तर लागते! रोज संध्याकाळी पाऊण मिनिटात पुढचे गाणे लावण्याची सवय झालेला कान कॅसेटपुढे बसतो, तेव्हा तो हात पुढे करायच्या तयारीतच असतो. कॅसेटवर गाणे ओलांडायचे म्हणजे फीत पुढे पळवायची, अंदाजाने थांबायचे, चुकले तर मागे यायचे. हा खटाटोप नको म्हणून आपण नावडते गाणेही ऐकून घेत असू आणि त्यांतलीच कित्येक पुढे आवडती झाली. सोय वाढली ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु आपल्या नकळत थांबण्याचा जो सराव होत असे, तो गेला.

आणखी एक गोष्ट मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. दीर्घ काळाने एखादे गाणे लावले, की पहिल्या वेळी आपण ते ऐकत नसतो, पडताळून पाहत असतो. आठवणीतला आवाज, आठवणीतली खोली, आठवणीतले वय आणि समोर चाललेले गाणे यांची सारखी तुलना चालते आणि त्या तुलनेत समोरचे गाणे जवळजवळ नेहमीच हरते. माझ्या संग्रहात वाद्यसंगीताची एक तबकडी आहे. तरुणपणी ती मी इतक्या वेळा ऐकली, की नंतर अकरा वर्षे तिला हात लावावासा वाटला नाही. पुन्हा लावली त्या दिवशी मला काहीच जाणवले नाही. दोन दिवसांनी पुन्हा लावली. तेव्हा ज्या स्वरांची मी पूर्वी वाट पाहत असे ते आले आणि गेले, आणि त्यांच्या खाली दुसरे एक वाद्य अगदी मंद आवाजात एकच स्वर धरून आहे हे मला प्रथमच ऐकू आले. इतक्या वर्षांत ते मी ऐकलेच नव्हते. त्या दिवसापासून ती तबकडी मला वेगळ्या कारणासाठी आवडते.

म्हणून माझी विनंती अशी आहे, की त्या कॅसेटची तीच बाजू आणखी दोन वेगवेगळ्या संध्याकाळी, दुसरे काही काम हातात न घेता, आरंभापासून अखेरपर्यंत ऐका आणि मग काय ते ठरवा. रोजची पंचवीस गाणी तीन महिने दृष्टीआड ठेवा. त्यांच्या जागी काय ऐकायचे हे दर वेळी ठरवत बसू नका, कारण तीनशेंतून एक निवडण्याचा शीण आला की हात पुन्हा ओळखीच्या गाण्यांकडेच वळतो. कपाटातील एका खणाच्या डाव्या टोकापासून सुरुवात करा आणि रोज पुढची एक बाजू ऐका. मी प्रत्येक वेष्टनात कागदाची एक लहान पट्टी ठेवते आणि ऐकल्याची तारीख पेन्सिलीने लिहिते. या पट्ट्यांनी मला संग्रहाची जी ओळख करून दिली ती कोणत्याही यादीने दिली नाही. काही पट्ट्या तारखांनी भरल्या आहेत, काहींवर नऊ वर्षांत एकच तारीख आहे, आणि ती एकाकी तारीख दिसली की ती तबकडी लावल्यावाचून राहवत नाही.

एवढे करूनही काही गाणी परत येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ती एका विशिष्ट वयाची किंवा एका विशिष्ट सहवासाची होती. त्यांच्याशी झगडू नका. संग्रहातून मात्र ती काढू नका. आज न आलेले गाणे आणखी दहा वर्षांनी येणार नाही, असे कोणी सांगावे?

प्रश्न : माझ्या फोनमध्ये पाचशे गाणी आहेत आणि ती मी क्रम न ठेवता, ‘शफल’ करून ऐकते. तरीही त्याच गायिकेची गाणी लागोपाठ येतात आणि काही गाणी मात्र कधीच लागत नाहीत. हे यंत्र पक्षपाती आहे का?

उत्तर : बहुतेक वेळा यंत्र निष्पक्षपाती असते आणि निष्पक्षपातीपणा कसा दिसतो याविषयीची आपली कल्पना चुकीची असते. गाणी सरमिसळ करण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रत्येक गाण्यानंतर पाचशेंतून नव्याने चिठ्ठी काढली जाते. हिशेब करून पाहिला तर या पद्धतीत सत्ताविसावे गाणे लागेपर्यंत कोणते तरी एक गाणे दुसऱ्यांदा लागलेले असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते. दुसऱ्या मार्गात पत्त्यांच्या कॅटसारखी सगळी यादी एकदाच पिसली जाते आणि ती संपेपर्यंत एकही गाणे पुन्हा येत नाही. अशी यादी निःपक्षपणे पिसण्याची रीत फिशर आणि येट्स यांनी १९३८ साली कागद-पेन्सिलीसाठी दिली आणि रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ साली ती संगणकासाठी सुटसुटीत केली.

आता समजा, तुमच्या पाचशे गाण्यांपैकी शंभर एकाच गायिकेची आहेत. यादी अगदी प्रामाणिकपणे पिसली तरी लागोपाठच्या तिन्ही जागांवर तीच गायिका येण्याचे प्रसंग संपूर्ण यादीत सरासरी चार वेळा येतील. आपल्या मनाला मात्र सरमिसळ म्हणजे समान पेरणी हवी असते. ही तक्रार इतकी सार्वत्रिक होती, की काही निर्मात्यांनी पुढे एका कलाकाराची गाणी मुद्दाम लांब लांब ठेवणारी सरमिसळ आणली, म्हणजे खरी यदृच्छा थोडी कमी केली, तेव्हा कोठे श्रोत्यांना ती खरी वाटू लागली.

‘कधीच लागत नाहीत’ अशा गाण्यांचे कारण बहुधा आणखी साधे असते. दर वेळी शफल नव्याने सुरू केले आणि दहा-पंधरा गाण्यांनंतर थांबवले, तर यादीचा शेपटाकडचा भाग ऐकण्याची पाळीच येत नाही. एकदा पिसलेली यादी दिवसामागून दिवस तेथूनच पुढे चालू ठेवा. याहून चांगला मार्ग म्हणजे, ज्या प्लेअरमध्ये गाणे शेवटचे कधी वाजले याची नोंद राहते, त्यात त्या तारखेनुसार यादी लावून घ्यावी आणि वर्षभरात न वाजलेली गाणीच तेवढी पिसावीत. आवडती गाणी पुन्हा सापडण्यासाठी यंत्राच्या या एका सोयीचा मला जितका उपयोग झाला, तितका कोणत्याही शिफारशीचा झालेला नाही.

प्रश्न : विद्यार्थिदशेत माझ्या टेपरेकॉर्डरवर ऐकलेले एक गाणे अलीकडे फोनवर सापडले. गायक तोच, शब्द तेच; पण गाणे मला किंचित संथ आणि खालच्या पट्टीत वाटते. घरचे म्हणतात, हा तुझ्या मनाचा खेळ आहे. गाणे पुन्हा गाऊन घेतले असेल का?

उत्तर : तसे असू शकते, परंतु त्याआधी तुमच्या जुन्या टेपरेकॉर्डरवर संशय घेतला पाहिजे. तुमची आठवण मनाचा खेळ असेलच असे नाही, उलट ती आश्चर्यकारकरीत्या अचूक असू शकते. डॅनियल लेव्हिटिन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संगीताचे विशेष शिक्षण असण्याची अट न घालता, लोकांना त्यांचे आवडते गाणे आठवणीतून म्हणायला सांगितले होते. तेव्हा दोन प्रयत्नांपैकी निदान एकात शेकडा चाळीस जणांनी मूळ ध्वनिमुद्रणाचीच पट्टी बरोबर गाठली. लयीच्या बाबतीत तर स्मरणशक्ती याहूनही पक्की निघाली. वर्षानुवर्षे एकच मुद्रण ऐकलेल्या माणसाच्या मनात त्या मुद्रणाची पट्टी आणि चाल दोन्ही ठसलेली असतात.

प्रश्न असा, की ठसले ते काय? कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकावी असे ठरलेले आहे, पण घरगुती यंत्रांत दोन-तीन टक्क्यांचा फरक सर्रास आढळत असे. वेग वाढला की लय आणि पट्टी दोन्ही एकदम चढतात. सुमारे सहा टक्के वेग वाढला तर गाणे अर्ध्या स्वराने वर जाते, म्हणजे काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. तीन टक्क्यांत त्याच्या निम्मा फरक पडतो आणि तोही सरावलेल्या कानाला जाणवतो. तुमचे यंत्र किंचित वेगाने चालत असेल, तर तुम्ही सगळी तरुणाई त्या गाण्याबरोबर थोड्या वरच्या पट्टीत काढली आहे आणि आज जे ऐकता ते गायकाच्या मूळ पट्टीतले आहे.

पडताळा घेणे सोपे आहे. कॅसेट आणि ते यंत्र अजून हाताशी असेल तर घड्याळ लावून गाण्याची लांबी मोजा. फोनवर चार मिनिटांचे असलेले गाणे तीन टक्के वेगवान यंत्रावर सात सेकंद आधी संपेल. लांबीतील फरक आणि पट्टीतील फरक एकमेकांशी जुळत असतील तर दोष यंत्राचा होता. लांबी तेवढीच असूनही पट्टी वेगळी असेल, अथवा वाद्यमेळातील तुकडे, एखादी हरकत, श्वास घेण्याची जागा बदललेली असेल, तर ते निराळे मुद्रण आहे असे खुशाल समजा. गाणे दुसऱ्या वेळी ध्वनिमुद्रित करणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

याच संदर्भात आणखी तिघा वाचकांनी विचारले आहे, की जुन्या मुद्रणांच्या ‘रीमास्टर्ड’, म्हणजे आवाजावर नव्याने संस्कार करून काढलेल्या, आवृत्त्या त्यांना कर्कश का वाटतात. एक कारण असे, की पुष्कळ नव्या आवृत्त्यांत हळू आणि मोठ्या आवाजांतील अंतर कमी करून सगळेच वर आणलेले असते. दोन आवृत्त्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी समान करून घ्या. किंचित मोठा आवाज कानाला क्षणभर नेहमीच सरस वाटतो आणि निकाल चुकतो. शिवाय आवाज कमी ठेवला की खर्जातील स्वर कानाला प्रमाणाबाहेर क्षीण ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले होते. रात्री हळू आवाजात लावलेले जुने गाणे पातळ वाटले तर त्याचा दोष मुद्रणाला देऊ नका.

प्रश्न : माझ्या पंधरा ते पंचवीस या वयातील गाण्यांखेरीज मला दुसरे काही मनापासून आवडत नाही. मुलगा म्हणतो, तुम्ही तेथेच अडकून पडला आहात. यात काही चूक आहे का?

उत्तर : चूक मुळीच नाही. माणसाला आयुष्यातील आठवणी सांगायला लावल्या तर साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी प्रमाणाबाहेर अधिक येतात, हे मानसशास्त्रात चांगले प्रस्थापित झालेले आहे आणि गाण्यांच्या बाबतीतही तेच दिसते. ती गाणी तुमच्या घडण्यात मिसळलेली आहेत. मुलाला मात्र एक गोष्ट अवश्य सांगा. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुप्निक यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विशीच्या आसपासच्या तरुणांना निरनिराळ्या दशकांतील गाणी ऐकवली, तेव्हा त्यांना स्वतःच्या काळातील गाण्यांबरोबरच आईवडिलांच्या तरुणपणातील गाण्यांविषयीही खास ओढ असल्याचे आढळले. घरात जे सतत वाजत असते ते पुढच्या पिढीतही उतरते. आणखी वीस वर्षांनी तुमचा मुलगा यांतील कोणते गाणे शोधत बसेल, हे आज तुम्हा दोघांनाही ठाऊक नाही.

माझा आग्रह एवढाच, की त्या दहा वर्षांत तुम्ही ऐकले नव्हते पण जे त्याच काळात ध्वनिमुद्रित झाले होते, तेही शोधून ऐका. तुमच्याच कॅसेटच्या न ऐकलेल्या दुसऱ्या बाजूपासून आरंभ करता येईल.

प्रश्न : हेडफोन लावून रोज तीन-चार तास गाणी ऐकतो. कानांना अपाय होईल का?

उत्तर : आवाज किती ठेवता त्यावर ते अवलंबून आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली ठरवलेल्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे आणि मुलांसाठी ती ७५ डेसिबलला ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबल वाढीमागे वेळ निम्मा होतो. म्हणजे प्रौढांना ८३ डेसिबलला वीस तास, ८६ला दहा, ८९ला केवळ पाच. गोंगाटाच्या जागी बाहेरचा आवाज दडपण्यासाठी आपण गाण्याचा आवाज चढवतो, ती सवय सर्वांत घातक आहे. ऐकल्यानंतर कानात गुंजारव राहत असेल तर आवाज ताबडतोब कमी करा आणि तो थांबत नसेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आवडती गाणी सत्तराव्या वर्षीही ऐकायची आहेत.

प्रश्न : ताई, बाबांना जाऊन दोन वर्षे झाली. त्यांच्या मागे एकशे चाळीस कॅसेट राहिल्या आहेत. त्यांतील बऱ्याचशा त्यांनी स्वतः रेडिओवरून आणि मित्रांच्या तबकड्यांवरून भरलेल्या आहेत, आतल्या कार्डांवर त्यांच्या अक्षरात गाण्यांची नावे आहेत. भाऊ म्हणतो, यांतली सगळी गाणी आता स्वच्छ आवाजात कोठेही मिळतात, तेव्हा यादी करून कॅसेट काढून टाकू. माझे मन होत नाही. पण त्या लावायचीही भीती वाटते, तुटल्या तर काय? या कॅसेट कशा जपाव्यात आणि कशा ऐकाव्यात?

उत्तर : तुमचे पत्र मी पुन्हापुन्हा वाचले. कॅसेट काढून टाकू नका. भावाचे म्हणणे गाण्यांपुरते खरे आहे, पण तुमच्याकडे जे आहे ते गाण्यांहून थोडे अधिक आहे. कोणत्या गाण्यानंतर कोणते घ्यायचे हे बाबांनी ठरवले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची असते; अखेरीस तीन मिनिटे उरली, की त्यांत बसेल असे गाणे शोधावे लागते, आणि ते सापडले नाही तर अर्धवट गाण्यावर बाजू संपते. मध्येच बटण दाबल्याचा खटका येतो, निवेदकाचे अर्धे वाक्य येते. हे सगळे त्यांच्या ऐकण्याचे मुद्रण आहे आणि ते दुसरीकडे कोठेही मिळणार नाही.

म्हणून पहिले काम म्हणजे प्रत्येक कॅसेट, तिचे कार्ड आणि तिची डबी यांची एकत्र छायाचित्रे घ्या. कार्डे वेगळी करून दुसरीकडे रचू नका. एकदा फाटाफूट झाली की कोणते कार्ड कोणत्या कॅसेटचे हे ओळखणे कठीण होते. त्यानंतर प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेवरील दोन्ही लहान प्लास्टिकच्या चकत्या मोडून टाका, म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी तिच्यावर नवे मुद्रण होणार नाही. हे मी कळकळीने सांगते, कारण माझ्याच हातून एकदा घरातील एका कॅसेटवरचे बोलणे पुसले गेले आहे आणि ते मला आजही लागून राहिले आहे.

लावण्यापूर्वी कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फीत पाहा. पांढुरकी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी असू शकते. अशी कॅसेट यंत्रात घालू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाणकाराकडे द्या, कारण ती यंत्रात लावली तर बुरशी पुढच्या कॅसेटनाही लागते. पुढच्या उघड्या बाजूला मधोमध फेल्टची बारीक गादी असते, ती फीत हेडवर, म्हणजे यंत्रातील फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरते. जुना गोंद सुकला की ही गादी निखळते आणि आवाज अगदी दबका येतो. हा दोष फितीचा नाही, गादी बदलता येते. मग पेन्सिल घालून चाक हलके फिरवा; ते अडत नसेल तर कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे नेऊन घ्या, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच ताणात बसलेली फीत समान गुंडाळली जाईल. एकशे वीस मिनिटांच्या कॅसेट असतील तर त्या शेवटी घ्या. त्यांची फीत सर्वांत पातळ असते आणि तीच अधिक वेळा यंत्रात गुंतते.

त्यांचे डिजिटल रूपांतर करताना एक मूळ प्रत अशी करा, की जिच्यात काहीही कापलेले नाही. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ या प्रमाणात नव्वद मिनिटांची कॅसेट सुमारे दीड गिगाबाइट जागा घेते आणि फ्लॅक या पद्धतीत, आवाजाचा कणही न गमावता, ती बरीच कमी होते. खरखर काढणे, गाणी सुटी करणे हे सगळे दुसऱ्या प्रतीवर करा. मूळ प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा, त्यांतली एक भावाकडे राहू द्या. रोज एकच कॅसेट घ्या आणि ती रूपांतरित होत असताना जवळ बसून ऐका. एकशे चाळीस कॅसेटना पाच महिने लागतील, ते लागू देत; तेवढ्यात कोणत्या काळात त्यांना काय आवडत होते हे तुम्हाला आपोआप कळत जाईल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही आणि ती मला विचारायची आहे. बाबांनी ज्या टेपरेकॉर्डरवर या कॅसेट भरल्या, तो अजून घरात आहे का? कॅसेटच्या फितीची रुंदी जेमतेम ३.८१ मिलिमीटर असते आणि तेवढ्यात दोन्ही बाजू मावलेल्या असतात. वाचणारे हेड केसभर तिरके असले तरी वरचे, टोकदार स्वर हरवतात आणि आवाज पडद्याआडून आल्यासारखा वाटतो. बाबांच्या यंत्राचे हेड किंचित तिरके असेल, तर त्याने भरलेली प्रत्येक कॅसेट त्याच तिरकेपणाने भरलेली आहे. वेगातही काही फरक असेल तर तोही तिच्यात उतरला आहे. नव्या, निर्दोष यंत्रावर त्या दबक्या वाटतील आणि त्याच जुन्या यंत्रावर मोकळ्या वाजतील. तो टेपरेकॉर्डर सापडला तर आधी त्याचा रबरी पट्टा बदलून घ्या, कारण वर्षानुवर्षे बंद असलेल्या यंत्रात तो सैल होतो किंवा चिकट होऊन वितळतो. हेड आणि फीत ओढणारा धातूचा दांडा कापसाने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. दुरुस्ती करणाऱ्याने ‘हेड सरळ करून देतो’ असे म्हटले, तर एकशे चाळीस कॅसेट ऐकून होईपर्यंत ते आहे तसेच राहू द्यायला सांगा.